ती का पळाली नाही

ओतुरात राहून ज्याने माझ्या मावशीच्या यजमानांच्या दोन गोष्टी ऐकल्या नाहीत, तो माणूस एक तर ठार बहिरा असला पाहिजे, नाहीतर फार नशीबवान. पहिल्या गोष्टीत किल्ल्याचा बुरूज उभा राहीना म्हणून गाव पाटलाच्या धाकट्या सुनेला त्याच्या पायात जिवंत पुरतं. दुसरी दूरच्या कुठल्याशा मुलखातली. तिथे म्हातारं माणूस कामाचं राहिलं नाही, की मुलगा त्याला पाठुंगळी घेऊन डोंगरावर सोडून येतो. गाव दोन्हीकडे वाजतगाजत निरोप देतं. बाजारात मेथीच्या दोन जुड्या हातात धरून बघाव्यात, तशा काका या गोष्टी तोलत आणि विचारत, "सांगा राव, जास्त वंगाळ गाव कुठलं?" आणे गावाला जाणाऱ्या गाडीची वाट बघणाऱ्या एका पाहुण्याने विचार करायला म्हणून मान खाली घातली, तेवढ्यात गाडी निघून गेली. एकदा न्हावी म्हणाला, "रीतच व्हती त्यांची, कोण काय करनार?" काका संतापून अर्ध्या दाढीनिशी घरी आले. उरलेली दाढी मावशीने आरसा धरून करवून घेतली.

पण एका प्रश्नाने ते स्वतःच हैराण होते. "सून शाणी व्हती, हातापायानं धड व्हती. मग ती पळाली का न्हाई?" यावर मावशी म्हणे, "गोष्टीतली हाय ती, कुठं पळंल? जेवायला चला."

घरात काकांची थोरली बहीण होती, आक्का. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी आलेली. मावशी दिवसभर शेतावर, त्यामुळे काकांची मुलगी आक्कांच्याच मांडीवर वाढली. नव्वदच्या दशकात तिचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी मांडवात सवाशिणी नवरीला हळद लावत होत्या आणि काकांनी पाहुण्यांना गाठून बुरूज निम्मा बांधत आणला होता. सून खड्ड्यात उतरणार, तेवढ्यात त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली. आत आक्का मांडवाकडे पाठ करून लसूण सोलत होत्या. काका गोष्ट अर्धी टाकून उठले. असं कधी झालं नव्हतं, म्हणून मीही मागोमाग गेलो.

"आक्का, ऊठ. पोरीला हळद लाव."

"येड लागलं का रं, बापू? माझी सावली नगं तिच्यावर. वाईट हुईल पोरीचं."

"कुनी सांगितलं तुला?"

"सांगाया कशाला पायजे? मला ठावं हाय."

 काका धोतर सावरून तिथेच बसले आणि लसूण सोलू लागले. बाहेर नवरीच्या बापाला हाकांवर हाका. हे जागचे हलेनात. मावशी आली, कपाळाला हात लावला आणि तीही शेजारी बसली. शेवटी नवरीच पाटावरून उठली आणि हळदीची वाटी घेऊन आत आली.

"लाव आत्या. न्हाईतर मी बाहेर जातच न्हाई."

आक्कांनी एक बोट तिच्या गालाला लावलं. मग तिला कवटाळून त्या इतक्या रडल्या, की नवरीची निम्मी हळद त्यांच्याच तोंडाला लागली. मांडवात कुजबुज झाली, एक म्हातारी तर न जेवताच गेली. मला मात्र भरून आलं होतं, अजूनही येतं.

काका पुढेही त्या गोष्टी तोलत राहिले, पण ती का पळाली नाही, हे त्यांनी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

ते गेल्यानंतर एकदा ओतूरला गेलो, तेव्हा आक्कांना म्हटलं, बुरुजाची गोष्ट सांगा. काकांच्याच ढंगात त्यांनी ती खड्ड्यापर्यंत आणली आणि थांबल्या.

"तिला कुनी हाक मारली न्हाई रं," त्या म्हणाल्या. "मारली असती, तर आली असती ती."