बाबांच्या मेंदूचं दुसरं माप

आमचं घर डोंबिवली पश्चिमेला, रेतीबंदराच्या अलीकडे. बाबा खाडीत होडी घालायचे. घरातला पहिला पदवीधर मी. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एमआरआय सेंटरमध्ये मला तिथल्या मुख्य डॉक्टरांनी नोकरी दिली. "फिजिक्स झालंय ना? मग मशीनला घाबरणार नाहीस," एवढीच मुलाखत. रोज स्वतःबरोबर मलाही चहा मागवायचे. त्यांच्याविषयी कुणी वाकडं बोललं की मला राग यायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाबा होडीत चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी त्यांना आपल्या अभ्यासातल्या रुग्णांत घेतलं, फुकट. स्कॅन काढायचा, कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामने मेंदूचं आकारमान मोजायचं, वर्षभराने पुन्हा मोजून मेंदू किती आक्रसला ते बघायचं. दुसऱ्या वर्षी माप बरंच कमी आलं. "त्यांना पाण्यात पाठवू नकोस," डॉक्टर म्हणाले. तो रिपोर्ट मीच घरी नेला, मीच समजावला. महिन्याभरात बाबांनी होडी शहाडच्या भाच्याला देऊन टाकली.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांचं इतर डॉक्टरांसमोर भाषण होतं. स्लाइड सरकवायला मी. ते म्हणाले, "मध्यंतरी कंपनीने प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवली. ती मेंदूची कड जरा आत धरते, त्यामुळे तोच मेंदू लहान भरतो. म्हणून आम्ही पावसाळ्याच्या आधीच पहिले स्कॅन जपून ठेवलेल्या टेपवरून काढून नव्या आवृत्तीत पुन्हा मोजले. नाहीतर तुलना कशाची करणार?"

रविवारी कंपनीचा इंजिनीअर यायचा ते मला ठाऊक होतं. देखभाल चाललीय, असं आम्हाला सांगितलेलं.

टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं.

"सर, बाबांचाही पुन्हा मोजला?"

"सगळ्यांचा मोजला."

"मग?"

"होता तेवढाच आहे. काही विशेष नाही." ते बिस्किट चहात बुडवत होते.

"आणि दिलेला रिपोर्ट?"

"अरे, रिपोर्ट एकदा गेला की गेला. किती जणांना परत बोलावणार? सेंटरवर विश्वास राहील का कुणाचा? जरा जपून राहिले, त्यात त्यांचं काय बिघडलं?"

"होडी दिली त्यांनी, सर."

"दुसरी घेतील रे."

भाषणासाठी त्यांना खरं माप लागलं. बाबांसाठी लागलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं.

"मंग डोकं बरं हाय माजं?"

"आहे, बाबा."

"डॉक्टरला कवापासून म्हाईत?"

"पावसाळ्याच्या आधीपासून."

"आन रोज तुला चा पाजत व्हता?"

रविवारी आम्ही शहाडला गेलो. भाच्याने होडी रेती काढायला लावली होती. ती काठावर चिखलात कलंडलेली, तळाच्या फळ्या उघडलेल्या. "घेऊन जा, मामा," तो ओशाळून म्हणाला. बाबांनी एका फटीत बोटं घालून बघितली आणि नकारार्थी मान हलवली.

सोमवारी मी डॉक्टरांना म्हटलं, "बाबांचा नवा रिपोर्ट हवाय. तुमच्या सहीचा. बाकीच्यांनाही द्यायला हवा."

"घरात तू सांगितलंस ना? मग झालं की," ते म्हणाले आणि शिपायाला दोन चहा आणायला सांगितलं.

माझा चहा मी घेतला नाही. डॉक्टरांनी कपाकडे एकदा पाहिलं, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.