ख्रिश्चन असून मराठी?

घर बदललं की सामान कमी होतं आणि किस्से वाढतात. गावाहून आणलेला पाटा मुलुंडला पोचेपर्यंत टेम्पोतच फुटला. कोंबड्या शेजाऱ्याला दिल्या. माझी बाज जिन्यात वळेना म्हणून खालीच राहिली आणि आता तिच्यावर वॉचमन झोपतो. पण किस्से! रोज एक नवा घरात येतो आणि ठेवायला माळासुद्धा नाही. म्हणून म्हटलं, लिहून मोकळं व्हावं. मी तिसरी शिकलेला माणूस. शुद्धलेखन तपासायचं असेल त्यानं दुसरं काही वाचावं.

आम्ही नगर जिल्ह्यातले. पणजोबापासून ख्रिस्ती. माझी सून एस्तेर नर्स आहे. तिला इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली, म्हणून सगळं बिऱ्हाड उचललं. ती, माझा मुलगा शमुवेल, म्हणजे आमचा शामू, सहा वर्षांची नात हन्ना, आणि मी. शामू इलेक्ट्रिशियन. गावात त्याचं बरं चाललेलं. निघताना पारावरचे लोक म्हणाले, "बायकोच्या मागं चाललास व्हय रे?"

शामू म्हणाला, "मागं कशाला? टेम्पोत पुढच्या सीटवर बसलोय!"

पोरगं माझ्यावर गेलंय.

* * *

पहिल्याच दिवशी सोसायटीचे चेअरमन सावंत वर आले. मालवणचा माणूस, आवाज असा की लिफ्टची गरज नाही. मी दारात उभा राहून आमच्या रीतीप्रमाणे म्हणालो, "सलाम!"

आमच्याकडं एकमेकांना सलामच म्हणतात. पत्रातसुद्धा आधी सलाम, मग मजकूर. पण सावंत दचकले. त्यांनी भिंतीवरचा क्रूस बघितला. मग एस्तेरच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघितलं. मग परत माझ्या तोंडाकडं बघितलं.

"ओ आबा," ते म्हणाले, "वर सलाम, मधे क्रॉस, खाली मंगळसूत्र! तुम्ही नक्की कोण? एक काय ते फायनल सांगा ना!"

मी म्हणालो, "भाडेकरू!"

* * *

मुंबईत ख्रिश्चन म्हटलं की लोकांना दोन गोष्टी दिसतात. एक इंग्लिश आणि दुसरी बाटली. माझ्याकडं दोन्ही नाहीत.

खाली बाकावर देसाई म्हणून एक रिटायर बँकवाले बसतात. माझं कळल्यापासून ते माझ्याशी इंग्लिशच बोलायला लागले. बोलताना मान अशी हलवतात की वाटतं, मोठं काहीतरी विचारतायत. मला काय कळतंय? मी आपला "येस" म्हणायचो. ते खूश, मी खूश.

एका रविवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात देसाई, त्यांच्या मागं बाकावरची सगळी म्हातारी पलटण, आणि प्रत्येकाच्या हातात धुतलेली रिकामी बाटली!

"हे काय?" मी मराठीतच विचारलं.

"अहो, तुम्हीच तर म्हणालात, घरची वाईन आहे! मी विचारलं, आम्हाला मिळेल का, तर म्हणालात, येस येस!"

आता आली का पंचाईत! आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दारूला हात लावलेला नाही. शामू तर हसून हसून भिंतीला टेकला. मी काही बोलायच्या आत एस्तेर स्वयंपाकघरातून मोठं पातेलं घेऊन आली आणि सगळ्यांना पेले भरून दिले. वर जिऱ्याची पूड.

देसाईंनी एक घोट घेतला. मिशी पांढरी झाली. "सूनबाई, हे ताक आहे!"

"व्हाइट वाईन, काका!" एस्तेर म्हणाली. "बाटली इकडं द्या, भरून देते."

त्या दिवसापासून देसाई माझ्याशी मराठीत बोलतात. अधूनमधून बाटली घेऊनही येतात.

* * *

समोरच्या घरात हंसाबेन राहतात. मोठ्या मनाची बाई, कान मात्र थोडे घाईचे. एकदा एस्तेर फरशी पुसत होती, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय गं, कोण येणार?"

एस्तेर म्हणाली, "उद्या घराची प्रार्थना आहे. पाळक आहेत जेवायला."

पाळक म्हणजे आमचे चर्चचे. उपासना घेतात, लग्नं लावतात, माणसाला मातीही देतात. पण इथल्या लोकांच्या जिभेला ळ जड जातो आणि कानालाही. हंसाबेननी ऐकलं 'पालक'. रात्रभर बिचारीचा जीव तळमळला म्हणे. नवं घर, पहिली पूजा, आणि पाहुण्यांना जेवायला नुसता पालक?

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपते ना संपते तोच त्या आल्या. मागं त्यांचे दोन्ही मुलगे, डबे घेऊन. ढोकळा, पुऱ्या, कढी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. एस्तेरनं रात्री जागून केलेलं मटण आतल्या आत ओशाळं झालं. पाळकसाहेबांनी आधी ढोकळ्याकडं हात नेला आणि नंतर हंसाबेनच्या घरादारासाठी अशी लांबलचक प्रार्थना केली की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

जाताना हंसाबेननी मला हळूच विचारलं, "आबा, पण पालक कुठे दिसला नाही?"

मी बोट दाखवलं. "ते काय, तिसरी प्लेट ढोकळा खातायत!"

* * *

आता हसू जरा बाजूला ठेवा.

आमची हन्ना गावात असताना अशी बोलायची की कावळे दुसऱ्या झाडावर जायचे. इथं तिला इंग्लिश शाळेत घातली. पहिल्या दिवशी मिसनं सगळ्या पोरांना विचारलं, सकाळी काय खाल्लं? कुणी म्हणालं सँडविच, कुणी म्हणालं कॉर्नफ्लेक्स. आमची उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "म्या दूध-भाकर खाल्ली!"

सगळा वर्ग हसला. एक पोरगं ओरडलं, "म्या! म्या! म्याऊ!" त्या दिवसापासून पोरीचं नाव पडलं मांजर.

आणि ती बोलायची थांबली. घरात जेवढ्यास तेवढं. दाराबाहेर पाय टाकला की ओठ शिवल्यासारखे. हंसाबेननी चॉकलेट दिलं तर मान हलवायची. सावंतांनी नाव विचारलं तर माझ्या धोतरामागं. एस्तेर ड्यूटीवरून आली की चप्पल काढायच्या आधी विचारायची, "आबा, बोलली का?" मी काय सांगू?

दिवाळी झाली. एक दिवस एस्तेर शामूला म्हणाली, "नाताळच्या सुट्टीपर्यंत बघते. नाही बोलली तर राजीनामा देते. नोकरी मिळंल परत, पोर नाही मिळायची." ज्या नोकरीसाठी ही बाई पहाटे उठून, चुलीपुढं पुस्तक धरून शिकली, ती नोकरी!

मिसनं आम्हाला शाळेत बोलावलं. एस्तेर ड्यूटीवर, म्हणून शामू आणि मी गेलो. मिस चांगली होती, पण तिचंही तेच.

"तुम्ही ख्रिश्चन ना? मग घरी तिच्याशी इंग्लिश बोलत जा ना!"

मी म्हणालो, "बाई, आमच्या घरी देवसुद्धा मराठीत बोलतो. तो काही आता शिकायचा नाही!"

शामूनं माझा पाय दाबला. दाबू दे. खरं ते खरं.

* * *

शामूला तोवर अंधेरीला एका स्टुडिओत काम लागलं होतं. लाइट लावायचं. एकदा तिथं सीन होता ख्रिश्चन लग्नाचा. नवरा सुटात, नवरी पांढऱ्या झग्यात, मागं शेपटीसारखं दहा हात कापड. डायरेक्टरचा असिस्टंट म्हणून एक पोरगा होता, केसांचा बुचडा बांधलेला. त्याला कुणीतरी सांगितलं, लाइटवाला ख्रिश्चन आहे.

तो धावत आला. "अरे यार, तू बता ना! तुम लोगों में शादी कैसे होती है?"

शामू शिडीवर होता. वरूनच म्हणाला, "पहले दिन हल्दी. नवरी की पांढरी साडी, हिरवा चुडा. बँडबाजा. आणि बैलगाडीतनं वरात!"

तो पोरगा खाली उभा राहून बघतच राहिला. मग म्हणाला, "ये कौनसा वाला क्रिश्चन है भाई?"

शामू म्हणाला, "नगरवाला!"

शेवटी सीन झग्यातच झाला. पण नवरीचं काम करणाऱ्या मुलीनं मधल्या वेळात येऊन शामूला विचारलं म्हणे, "भैया, सच में बैलगाडी?" तिला तेच आवडलं होतं.

* * *

डिसेंबरात शाळेत नाताळचं नाटक ठरलं. मिसनं एस्तेरला फोन केला. "हन्नाला एंजल केलंय. ड्रेस असेलच ना तुमच्या घरी?"

जसं काही आम्ही पंख खुंटीला टांगून ठेवतो!

एस्तेर नको म्हणणार होती. मीच म्हणालो, हो म्हण. जुन्या पांढऱ्या साडीचा झगा शिवला. शामूनं तारेचे पंख केले आणि डोक्यावरच्या चकतीत बारके दिवे बसवले. रानातल्या मेंढपाळांना येशूबाळ जन्मल्याची बातमी द्यायची. बोलायचं होतं एकच वाक्य, 'डू नॉट बी अफ्रेड, आय ब्रिंग यू गुड न्यूज.' एस्तेर रोज म्हणून घ्यायची. शामूला पाठ झालं. मला पाठ झालं. हंसाबेननाही पाठ झालं. पोरीच्या तोंडून काही निघेना.

नाटकाच्या दिवशी सकाळी मी तिच्या वेण्या घालत होतो. ती हळूच म्हणाली, "आबा, मी नाही जाणार. हसतील."

मी म्हणालो, "नको जाऊ. पण मग त्या मेंढपाळांना सांगणार कोण? बसतील बिचारे रानात थंडीत."

तिनं विचार केला. मग पंख लावून घेतले.

हॉलमध्ये ही गर्दी! आम्ही तिघं दुसऱ्या ओळीत. एस्तेर ड्यूटीवरून थेट आलेली, अंगात युनिफॉर्म तसाच. मिस माइक घेऊन कोपऱ्यात उभी. पडदा उघडला. लाल कागदाच्या शेकोटीभोवती तीन मेंढपाळ, डोक्याला टॉवेल गुंडाळून झोपलेले. त्यातला एक अगदीच बारका, बालवर्गातला. गाणं वाजलं, आणि आमची हन्ना आली. चकतीतले दिवे फटकन पेटले.

मेंढपाळांनी घाबरायचं नाटक करायचं होतं. मोठे दोघं तोंडावर हात धरून ओरडले. पण तो बारका खरंच घाबरला! खाली बसला आणि भोकाड पसरलं त्यानं.

हॉलमध्ये लोक हसायला लागले. हन्ना तशीच उभी. ओठ घट्ट. मिस माइक बाजूला धरून कुजबुजतेय, "डू नॉट... हन्ना, डू नॉट बी..." एस्तेरनं माझं मनगट इतकं दाबलं की हाताला मुंग्या आल्या. शामू खाली मान घालून बसलेला.

हन्नानं मिसकडं बघितलं. समोर हसणाऱ्या लोकांकडं बघितलं. मग त्या रडणाऱ्या पोराकडं बघितलं आणि गुडघ्यावर बसली.

"आरं, भिऊ नको की!" अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. "काय झालं रडाया? नाक पूस आधी!"

त्या पोरानं टॉवेलनं नाक पुसलं.

"ऊठ. बाळ झालंया!"

मोठ्यांतल्या एका मेंढपाळाचं इंग्लिश कुठल्या कुठं गेलं. त्यानं विचारलं, "कुणाला?"

"मरियेला! गोठ्यात हाय. चला बिगीबिगी, थंडी वाजती त्याला!"

तिनं बारक्याचा हात धरला. पंख वाकडा झालेला, चकती कानावर आलेली. मेंढपाळ तिच्या मागं निघाले. आणि कुठल्या बाजूनं जायचं ते विसरून सगळे पायऱ्या उतरून थेट लोकांमधून चालायला लागले. लोक खुर्च्या सरकवून वाट देतायत!

मिस माइकवर ओरडली, "एंजल! एंजल, कम बॅक!"

हन्नानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"थांबा मिस, आधी बाळ बघून येतो!"