हात वर झाले आणि धोरण मंजूर झालं

ऊर्जाबचत खात्याच्या संचालकबाईंना ऑफिसात सगळे 'बंदकराबाई' म्हणत. तोंडावर नव्हे, पण बाईंचे कान भिंतीपेक्षाही तिखट. त्या कानांनीच तर त्यांना वर काढलं होतं.

तरुणपणी साबणाच्या कारखान्यात लागल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी फोरमनला विचारलं, "ही शिट्टी कोण वाजवतंय?"

"पाइपातली हवा गळतेय. बारा वर्षं झाली. आता सवय झालीय."

बाई जेवणाच्या सुट्टीत साबणाचा फेस घेऊन सांध्या-सांध्याला फासत फिरल्या. बुडबुडे आले की खडूने फुली. एकशे चौदा फुल्या झाल्या! सांधे आवळले तेव्हा तीन कॉम्प्रेसरपैकी एक कायमचा बंद ठेवता आला. फोरमन मात्र कासावीस. म्हणाला, "एवढ्या शांततेत डोळा लागतो हो."

तिथून बाई कारखाने तपासत तपासत सरकारी खात्यात आल्या आणि पन्नाशीला संचालक झाल्या. घरात मात्र त्यांचं कोणी ऐकेल तर शपथ. काय हवंय ते ठरवूनच फ्रिज उघडायचा, असा त्यांचा दंडक होता. सासूबाई दार उघडून खुशाल उभ्या राहत.

"अहो आई, विचार बाहेर करा ना!"

"इथे गार डोक्याने होतो."

बाईंचा जीव अडकला होता तो एका धोरणात. जुन्या शाळा आणि दवाखान्यांची छतं उन्हाळ्यात तव्यासारखी तापत. त्यांवर जाड अस्तर घालायचं, म्हणजे पंखे, कूलर निम्मे चालतील. साधी गोष्ट. पण सहा वर्षं समितीत घोंगडं भिजत पडलेलं. वित्तसचिव दर वेळी म्हणत, "घाई नको."

सातव्या वर्षी बैठक भरली ती बिनखिडक्यांच्या सभागृहात, दुपारच्या जेवणानंतर. तिथे बाईंनी महिन्यापूर्वीच हालचाल टिपणारे दिवे बसवले होते. दहा मिनिटं कोणी हललं नाही की आपोआप विझणारे. कायदा अधिकारी कलमं वाचू लागले. त्यांचे ओठ सोडले तर अंगातलं काही हलत नव्हतं. अकरा सदस्यांच्या माना एकेक करून खाली गेल्या. अध्यक्षांचीही गेली. ऐकणाऱ्यांत बाई तेवढ्या जाग्या, पण आज तरी कोणी नाही म्हणू नये म्हणून श्वास रोखून पुतळ्यासारख्या बसलेल्या.

आणि मिट्ट काळोख झाला.

"हात वर करा!" बाई ओरडल्या. "सगळ्यांनी! जोरात!"

सगळे दचकून उठले. दिवे लागले. अध्यक्षांनी डोळे चोळत पाहिलं तर समोर अकराच्या अकरा जणांचे हात वर. वित्तसचिवांचे तर दोन्ही.

"एकमताने मंजूर!" अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली आणि कारकुनाने लगेच लिहूनही टाकलं.

गप्प बसलं तर सहा वर्षांचं काम फत्ते. पण बाईंच्याने राहवेना. त्या उभ्या राहिल्या. "साहेब, हात दिव्यांसाठी होते. कोणीच हललं नाही, म्हणून दिवे गेले."

अध्यक्ष वित्तसचिवांकडे वळले. "म्हणजे तुम्ही झोपला होतात?"

"मी? छे छे! टक्क जागा होतो."

"मग हात कशासाठी?"

वित्तसचिवांनी घसा साफ केला. "पाठिंबा दिला."

"दोन्ही हातांनी?"

"ठाम पाठिंबा."

मग काय, बाकीच्या दहा जणांचाही पाठिंबा तितकाच ठाम निघाला. तसे तर अध्यक्षही घोरत होते, पण ते विचारणार कोण?

दोन वर्षांत दोनशे छतांना अस्तर लागलं. उन्हाळ्यात बाई एका दवाखान्यात गेल्या. वरच्या मजल्यावरच्या ज्या वॉर्डातून पूर्वी एप्रिलमध्येच खाटा खाली न्याव्या लागत, तिथे पेशंट अंगावर चादरी घेऊन निवांत पडले होते. एक आजोबा तर कुरकुरत होते की पंखा जास्त लागतो. बाई एका रिकाम्या खाटेवर टेकल्या, छताकडे बघत राहिल्या, आणि नर्सने येऊन "इंजेक्शन कुणाला, तुम्हालाच ना?" असं विचारेपर्यंत उठल्याच नाहीत.