दहा लाख तीन

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी नाशिकच्या एका कॉलेजात गणित शिकवत होते. हातपाय महिनाभरात वळायला लागले, पण आकडे निसटायचे. मखमलाबादच्या मळ्यातले गुलाब मोजून बाजारात देणं हे त्यांचं जन्माचं काम. मोजताना एकच्या जागी ते शकुनाचा 'लाभ' म्हणत: लाभ, दोन, तीन. आता मध्येच शंका आली की अख्खा ढीग पुन्हा लाभपासून. "मोजणीचा भरवसा येईस्तोवर बाजारात पाय ठेवणार नाय," म्हणाले आणि घरी बसून राहिले.

डॉक्टरांनी रोज आकडेमोड करायला सांगितलं. मी मोठ्या हौसेनं त्यांना दहा लाख तीन ही संख्या दिली. ती मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच पूर्ण भाग जात नाही. ते सिद्ध करायला हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून बघितलं की पुरतं, कारण मोठा भाजक असलाच तर त्याचा जोडीदार हजाराच्या आत सापडतोच. कॉम्प्युटरनं हे चुटकीसरशी केलं असतं. आण्णा दुरेघी वहीत पेन्सिलनं रोज दोन-तीन भागाकार करत.

सातनं भागलं, चार उरले. अकरानं चार. तेरानंही चार. "आयला, परत चारच!" म्हणून ते हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच हसले आणि मला रडू आलं.

एकोणसाठला मात्र त्यांची बाकी शून्य आली. खरी बाकी बारा. चूक दाखवली तर त्यांचा धीर सुटेल, या भीतीनं ते बघत नसताना मी शून्य खोडून बारा केले. पुढेही चार-पाच ठिकाणी तेच. वर्गात मार्क कापताना माझा हात कधी अडखळला नव्हता. इथे बाईसाहेब स्वतःच कॉपी पुरवत होत्या.

दोनशे अकरावर पोचल्यावर त्यांनी मागची पानं चाळली.

"हा बारा मी लिव्हलेला नाय."

मी कबूल केलं.

"किती ठिकाणी केलंस?"

"पाच-सहा."

ते चिडले नाहीत. "एक जरी भागाकार खोटा असंल, तर ती संख्या पक्की कशी ठरंल, मास्तरीणबाई?"

हेच मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आले होते. फार लाज वाटली.

आण्णांनी कोरं पान काढलं. "पुन्हा लाभपासून," म्हणाले आणि दोननं भागायला घेतलं. बाकी एक.

दोन महिन्यांच्या वर लागले. आता प्रत्येक भागाकाराचा ताळा ते स्वतःच करून बघत, चुकलं तर स्वतःच खोडत. मी वहीकडे फिरकले नाही. ते मला सोपं गेलं नाही.

शेवटची संख्या नऊशे सत्त्याण्णव. बाकी बारा आली. ताळा करून त्यांनी वही मिटली.

"तू हात लावलास का कुठं?"

"नाही, आण्णा."

"मंग उद्या मला बाजारात सोड."