टिटवीची जागा

उन्हाळ्यात आमच्या घरासमोरचा माळ पेटवतात. वाळकं गवत जळालं की पावसानंतर नवं गोड गवत येतं, मेंढरांची सोय होते, अशी इथली रीत. आज मी खिडकीतून ती आग बघत होते. चार बोरी नि हिवराची झाडं सोडली तर माळावर सगळं गवतच. ज्वाळा त्यातून सरपटत येत होत्या आणि त्यांच्या वाटेतच टिटवी अंड्यांवर बसली होती.

पण आग तिच्यापाशी येऊन दुभंगली, दोन्ही अंगांनी पुढे गेली. टिटवीनं अंडी घातली होती उघड्या खड्यांवर, जिथे जळायला काडीसुद्धा नव्हती.

मी हुश्श करणार, तोच मेंढरं घेऊन निघालेल्या तानाबाई रस्त्यावरून ओरडल्या, "अवो ताई, भिंतीपातूर गवत कशाला ठिवलंय? वारं फिरलंय बघा!"

अंगणातलं ते गवत मीच राखलंय, वाऱ्यावर डुलताना छान दिसतं म्हणून. माळाला आगीचं काय भय? त्याची मुळं जमिनीत सुखरूप असतात, पाऊस आला की तो पुन्हा उगवतो. घराला कुठली आली मुळं?

नवरा बादली घेऊन धावला. नळाला करंगळीएवढी धार. खिडकीची काच हाताला गरम लागली.

टिटवी जागची हलली नव्हती. तिच्याभोवती सगळं काळं, विझलेलं, निर्धास्त. अख्ख्या माळावर जळायचं राहिलं होतं ते फक्त आमचं अंगण.