रविवारची पिशवी

ये बाई, अशी जवळ बस. तो मोबाईल आधी पालथा ठेव. मागच्या खेपेला आईच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं दिसली आणि तू अर्धा चहा तसाच टाकून पुण्याला निघून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस. 'मला कुणी सांगितलं नाही' म्हणालीस. आता मी सांगते. कागदावर सांगते, पण तू समोर बसल्यासारखी ऐक. तुझी आई माझी धाकटी जाऊ. तिला मी तुझ्या आधीपासून ओळखते.

तिला या घरात आणली तेव्हापासून आम्ही दोघींनी रविवारचा बाजार कधी चुकवला नाही. मढहून जुन्नरची एसटी पकडायची. हातात तिनं शिवलेली खताच्या गोणीची पिशवी, बंदाला तुझ्या जुन्या परकराची पट्टी. बाजारात ती मेथीची जुडी उलटी करून हुंगायची आणि विकणारीला विचारायची, ही आतली पिवळी पानं कुणाला खायला घालू? मी लाजून पुढं सरकायची. येताना खिडकीशी बसून दोघींत एक भेळ. अजून आठवलं की तोंडाला चव येते.

मग तुझं लग्न झालं, आणि वर्षाच्या आत तुझे वडील गेले. दिवसकार्याला तू होतीस, तेव्हा ती उभी होती. तू गेल्यावर बसली. आधी बाजार सुटला, मग चूल. आधण ठेवायची आणि पाणी आटेपर्यंत नुसती बघत राहायची. अंगारे झाले, नवस झाले. तुझा फोन आला की मात्र 'बरी हाय' म्हणायची, आणि ठेवला की मला शपथ घालायची, "पोरीला कळलं तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार न्हाई, बाई."

त्याच सुमाराला पुण्याची एक संस्था आमच्या बचत गटाच्या मीटिंगला आली. त्यांच्याकडं मनाचा डॉक्टर होता, पण त्याला बसायला जागा नव्हती. जुन्नरच्या सरकारी दवाखान्यात खोली होती, गोळ्या होत्या, पण तसला डॉक्टर नव्हता. आणि आम्हा बायकांकडं काय, तर कुणाच्या घरात चूल पेटत नाही याची खबर. तिघांनी मिळून काम करायचं ठरलं. कसं विचारायचं, कसं गप्प राहून ऐकायचं, हे आम्हाला चार दिवस शिकवलं. विचारणं जमलं. गप्प राहणं मला लई जड गेलं.

दवाखाना मंगळवारी. पहिल्या मंगळवारी मी तुझ्या आईला नेसवून थांब्यावर उभी केली. आपल्याकडं थांब्यावर 'कुठं निघाल्या?' विचारलं नाही तर माणूस रुसतो, तसं विचारलं. अंगावर घडीच्या साड्या, हात मोकळे. काय सांगायचं? माझ्या तोंडून गेलं, "पोरगी बघायला." संध्याकाळपर्यंत घरी तीन स्थळं चालून आली. चाकणहून माझ्या धाकट्याचा फोन, "आई, माझं लग्न ठरलं आन् मलाच पत्ता न्हाई?"

मी पोट धरून हसले. तुझी आई हसली नाही. डॉक्टरशी ती थोडं बोलली होती, गोळ्याही आणल्या होत्या. पण पुढच्या मंगळवारी थांब्यावर 'जमलं का?' विचारणार, या धास्तीनं तिनं उंबरा ओलांडला नाही. गोळ्या संपल्या. परत गोठ्याच्या भिंतीला टेकून बसायला लागली. मी वाढलेलं ताट तसंच मांजर खायचं.

पुढच्या मीटिंगला संस्था, दवाखाना, आम्ही सगळे बसलो. लोक दुसऱ्यांदा का येत नाहीत, यावर बोलणं चाललं. कुणी म्हणालं लांब पडतं, कुणी म्हणालं माणसं जागरूक नाहीत. मी उठले आणि म्हणाले, "साहेब, मंगळवारी बाईच्या हाताला कारण नसतं. रविवारी पिशवी असती. पिशवीवालीला कुणी इचारत न्हाई."

दवाखान्याचे साहेब म्हणाले, रविवारी दवाखाना बंद. संस्थेची ताई म्हणाली, आमचे डॉक्टर येतील. मग किल्ली कुणाकडं, गोळ्या कुणाच्या हातून द्यायच्या, यात कागद लई दिवस इकडून तिकडं फिरले. शेवटी साहेबांनी खोली दिली, आणि एक नर्सबाई रविवारी येऊन सोमवारी सुट्टी घ्यायला तयार झाली. पहिल्या रविवारी तुझ्या आईला घेऊन गेले, तर भिंतीला ओळीनं पिशव्या टेकलेल्या. बाकावर शेजारच्या गावच्या बायका, वर्षानुवर्षं बाजारात भेटणाऱ्या. आम्ही एकमेकींना फक्त टोमॅटोचा भाव विचारला.

तुझ्या आईला मी फसवून नेलं नाही. खुंटीवरची पिशवी काढून तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बाजारला जाऊ. वाटंत दवाखाना हाय." ती बंदावरून हात फिरवत बसली, मग उठली. थांब्यावर कुणी काही विचारलं नाही. एकीनं तेवढं, येताना माझ्यासाठी कढीपत्ता आणा म्हणून सांगितलं.

लगेच फरक पडला असं नाही. कितीतरी रविवार ती माझ्यामागं नुसती चालायची. मग एकदा मी मेथी घेतली, तर तिनं जुडी माझ्या हातातून काढली, उलटी केली, हुंगली.

"ही कालची हाय, बाई. परत द्या."

मी ती जुडी परत दिली. ही म्हातारी परत देताना हसते कशाला, असं त्या मेथीवालीला वाटलं असेल.

तू तशी निघून गेल्यापासून दोन रविवार पिशवी खुंटीवरच आहे. 'पोरीला माझी लाज वाटली' म्हणते. मी सांगून तिला पटत नाही. घरातल्या गोळ्या येत्या रविवारपर्यंत पुरतील, म्हणून शपथ मोडून हे लिहिलं. बोलेनाशी झाली तर झाली माझ्याशी.

तू शनिवारीच ये. समजूत घालत बसू नकोस, रडू नकोस. सकाळी नुसती पिशवी काढ आणि तिच्या हातात दे. तिघी मिळून जाऊ. येताना खिडकी तुला देईन, भेळ मात्र तिघींत एकच. ये गं लवकर.