दादाचं ऑफिस मागच्या सीटवर

रिक्षात लोक काय काय विसरून जातात. छत्री, चष्मा, सुक्या बांगड्यांची पिशवी. एक जण तर सासूला विसरून गेला होता! सगळं परत न्यायला कोणीतरी येतंच. पण माझ्या मागच्या सीटवर दादाचे किस्से साचलेत, आणि ते न्यायला आता कोणी येणार नाही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच वाटून टाकतो.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, प्रकाश. आंबे काढताना झाडावरून पडला आणि कमरेखालचं सगळं बंद झालं. सरकारची पेन्शन लागली. गाव म्हणालं, "आता गप घरात बस."

दादा म्हणाला, "कंबर गेली माझी. तोंड नाय!"

मी नववी नापास. मालवणात रिक्षा चालवतो. रोज सकाळी दादाला उचलून मागच्या सीटवर बसवायचो. तेच त्याचं ऑफिस. पेन्शनवर घरात बसून कंटाळलेली, काम करायची इच्छा असलेली माणसं तो शोधायचा आणि त्यांना कामाला लावायचा. आधी त्या माणसाशी बोलायचा, मग मालकाशी. पहिले काही दिवस कामाच्या जागेसमोर रिक्षा उभी करायला लावायचा आणि कुठे अडतंय ते बघायचा. कोणाला टेबल खाली घ्यायला हवं, कोणाला भिंतीलगत दोरी बांधायला हवी.

दुकानाची पायरी त्याला चढता यायची नाही. त्याचीही लाज नाही! मालकालाच रिक्षाशी बोलवायचा. "पायरी तुम्ही बांधलास, तर उतरूचा पण तुम्हीच!"

*

पेन्शनवाल्यांना दरवर्षी आपण जिवंत असल्याचं दाखवायला लागतं. हयातीचा दाखला. आणि तो देणारी कचेरी माडीवर!

मी म्हटलं, "दादा, पाठीवर घेतंय."

"माका काय तांदळाची गोणी समजलंस? हॉर्न वाजव."

मी वाजवला. "अजून वाजव." अजून वाजवला. कुत्री भुंकायला लागली, समोरचा चहावाला कानावर हात ठेवून बाहेर आला. शेवटी वरच्या खिडकीतून कारकुनाचं डोकं निघालं. "कोण रे तो? मेलास काय हॉर्नवर?"

दादाने रिक्षातून मान बाहेर काढली. "नाय साहेब, हयात आसंय! लिहून घेवा!"

कारकून तणतणत खाली आला आणि रिक्षाच्या टपावर कागद ठेवून त्याने दाखला लिहिला. पुढच्या वर्षी आम्ही वळणावर दिसलो, तेव्हाच तो जिना उतरायला लागला होता!

*

फ्रान्सिस आमच्या शेजारच्या वाडीतला. जन्मापासून बहिरा, पण समोरच्याचे ओठ बघून त्याला बरंच कळतं. बंदराजवळच्या एका हॉटेलात किचनमध्ये माणूस हवा होता. तिथला आचारी इतका शिवराळ, की हेल्पर सकाळी यायचा आणि दुपारी पळायचा.

मालकाने रिक्षात डोकं घातलं. "ऑर्डर कशी ऐकणार हो हा?"

"ऑर्डर पाटीवर लिवा. पण तुमच्या आचाऱ्याच्या शिव्या ऐकून टिकलेलो एक तरी माणूस दाखवा!"

मालकाने मुकाट्याने पाटी आणली.

थोड्या दिवसांनी आचारीच रिक्षाशी आला, रडकुंडीला. "प्रकाशा, ह्या फ्रान्सिसाक कितीव शिवी घाला, नुसतो हसता!"

दादाने फ्रान्सिसला बोलावलं आणि का हसतोस म्हणून विचारलं. फ्रान्सिसने ओठ पुढे काढले, मान उडवली आणि अंडं घालणाऱ्या कोंबडीची अशी हुबेहूब नक्कल केली, की हॉटेलचा मालकही हसला. आचारी शिव्या देताना तस्साच दिसायचा! त्या दिवसापासून किचनमध्ये शिव्या बंद.

*

एका दुकानदाराला पुण्य कमवायचं होतं. त्याला "कोणीतरी अपंग" हवा होता. गल्ल्याशेजारी बसवणार, गिऱ्हाईक बघणार, पेपरात फोटो येणार.

"काम काय?" दादाने विचारलं.

"काम कसलं? बिचारा बसून राहील. पगार देऊ की."

"नुसतो बसवक माणूस कित्याक होयो? पिंगुळीक जावा, कळसूत्री बाहुली घेवन येवा. ती हात तरी हलयतली! बाबल्या, गाडी काढ."

मी गाडी अशी काढली, की दुकानदाराच्या धुतलेल्या लेंग्यावर डबकं उडालं. दादा ओरडला माझ्यावर. पण आरशात बघितलं तर हसत होता.

*

सुनंदाला लहानपणापासून दिसत नाही. आवाज मात्र असा, की रागावली तरी माणूस म्हणेल अजून बोल! दादाने तिला समुद्राजवळच्या एका काकींच्या न्याहारी निवासात कामाला लावलं. पर्यटकांचे फोन घ्यायचे, खोल्या लक्षात ठेवायच्या, पाहुण्यांना जेवणाचं विचारायचं. काकींना धाकधूक. दादा म्हणाला, "ठेवून बघा. जमलां नाय तर मी स्वतः येवन फोन घेतंय, माझो आवाज ऐकून एक पण पाहुणो येवचो नाय!"

पहिल्याच आठवड्यात एका पाहुण्याने फोनवर खोदून खोदून विचारलं, "मॅडम, खोलीतून समुद्र दिसतो ना नक्की? तुम्ही स्वतः बघितलाय?"

सुनंदा म्हणाली, "मला तर अजून दिसला नाही सर. तुम्ही येऊन बघा आणि मला पण सांगा!"

माणूस कुटुंब घेऊन आला. आणि पहिल्या दिवशी ओटीवर बसून त्याने तिला खरंच सगळा समुद्र सांगितला.

*

मग कोणीतरी कचेरीत तक्रार केली. बाई कमावते आणि पेन्शनही खाते! चौकशीला साहेब येणार, असा निरोप आला.

ठराविक उत्पन्नाच्या वर गेलं की पेन्शन बंद, असा नियम. सुनंदाची आई घाबरली. तिचंही चूक नाही. पावसाळ्यात इथे पर्यटक नसतात. काकींनी तेव्हा घरी बसवलं तर हातात काय? आम्ही तिला मावशी म्हणतो. ती रिक्षाशी येऊन दादाला म्हणाली, "नोकरी आज आसा, उद्या नाय. पेन्शन मरासर आसा. तू तिका सांग सोडूक."

दादा म्हणाला, "मावशे, मी सांगूचंय नाय. साहेब पण सांगूचो नाय. आणि तू पण सांगू नको. सुनंदा ठरयतली."

"आणि चुकली तर?"

"तुझ्या झिलान, सुनंदाच्या भावान, मुंबैत जावन तीन धंदे बुडयल्यान. त्याका कोणी इचारलां?"

मावशी पदर झटकून निघून गेली. चौकशीच्या दिवशी आपण स्वतः सुनंदाबरोबर बसू, असं दादाने तिला कबूल केलं होतं.

*

गणपती गेले आणि मागोमाग दादा गेला. बसून बसून पाठीला जखम झाली होती. तिचं विष अंगभर पसरलं. मी रोज उचलायचो त्याला. हातांना अजून त्याचं वजन कळतं. सकाळी रिक्षाशी गेलो की हात आपोआप पुढे होतात.

सांत्वनाला आलेल्यांपैकी एका पाहुण्याने भिंतीकडे सरकून बायकोच्या कानात सांगितलं, "सुटलो बिचारो."

एवढं हळू, की शेजारी बसलेल्यालाही ऐकू गेलं नाही. मलाही नाही. भरल्या अंगणात ते ऐकलं फक्त फ्रान्सिसने! पलीकडच्या टोकाला उभा होता, तिथून सरळ चालत आला, पाहुण्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला, त्याच्या पायांसमोर त्याच्या चपला आणून ठेवल्या आणि गेटकडे बोट दाखवलं.

मागाहून फ्रान्सिसने तो शब्द मला पाटीवर लिहून दाखवला. सुटला? कोणापासून? ज्याला सुटायचं असतं तो सकाळी उठून "बाबल्या, चल, उशीर होता" म्हणतो?

*

चौकशी आली. दादा नाही, म्हणून मी गेलो. सांगतो खरं, भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. शर्टाच्या बाह्या घरूनच वर करून!

साहेब वाईट नव्हता. काकींच्या ओटीवर बसला, पाणी प्यायला आणि मला विचारलं, "हिला अजिबातच दिसत नाही का?"

मी तोंड उघडणार, तोच सुनंदा म्हणाली, "मी इथेच आहे साहेब. मलाच विचारा."

साहेब चपापला. मग त्याने तिला नीट समजावलं. हा पगार चालू राहिला तर पेन्शन बंद होणार. काम सोडते असा जबाब दिला, तर पेन्शन चालू राहील. दोन्ही मिळणार नाही.

"दे गो बाय सही," मावशी म्हणाली. "प्रकाश आज आसतो तर त्याने पण ह्याच सांगितल्यान असता."

माझं डोकं फिरलं. "मावशे, दादाचा नाव घेव नको हां!"

"बाबल्या, तू गप रव," सुनंदा म्हणाली. "आये, तू पण."

साहेबाने पेनाचं टोपण काढलं. मावशी तिचा हात धरून कागदाकडे न्यायला लागली, आणि टेबलावरचा फोन वाजला.

सुनंदाने आईच्या हातातून हात सोडवून घेतला आणि फोन उचलला. "नमस्कार! हो, दिवाळीत आहेत ना खोल्या. मुलं किती आहेत? तिखट चालतं का त्यांना?"

साहेब खाकरला. तिने त्याच्या दिशेने हाताचा पंजा दाखवला, थांबा म्हणून. साहेब थांबला. तिखटावरून सोलकढी, सोलकढीवरून होड्या, होड्यांवरून परतीची गाडी. साहेबाने टोपण लावलं, पुन्हा काढलं. मावशी खांबाला टेकून खाली बसली.

सुनंदाने फोन ठेवला, आत तोंड करून काकींना खोली आणि नावं सांगितली.

"मग?" साहेबाने विचारलं. "जबाबात काय लिहू?"

फोन पुन्हा वाजला. सुनंदाने तो उचलून त्यावर हात ठेवला आणि साहेबाच्या दिशेने तोंड वळवलं.

"बाई कामात आहेत साहेब. उद्या या!"